खुंटीवरचं इरलं

लोणावळ्यात फुटबॉलचा मोसम मृगाला सुरू व्हायचा आणि दसऱ्याला संपायचा. पण खरी मजा सुरू व्हायची ती दसऱ्यानंतर. आता कोण कुठल्या संघात जाणार, या गप्पांवर सगळं गाव आठ महिने चहा ढोसायचं.

गावात संघ दोनच, निदान बोलण्यासारखे दोनच. एक आमचा रेल्वेचा आणि दुसरा वलवणच्या धरणावरच्या लोकांचा. चांगला खेळणाऱ्याला दोन्हीकडे नोकरी मिळायची. मलाही तशीच मिळाली. मी इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होतो, पण मला फिटर केलं ते गोलात उभं राहता येतं म्हणून. स्पॅनर कुठून धरायचा ते नंतर शिकलो.

पळवापळवी व्हायची ती आमच्यासारख्या पस्तिशी ओलांडलेल्यांची. वारं प्यायलेली पोरं कोणालाच नको असायची. चिखलात पोरगं पहिल्या दहा मिनिटांत तीनदा तोंडावर आपटतं आणि मग रुसून बसतं. म्हातारा पळतच नाही. बॉल जिथे येणार तिथे तो आधीच जाऊन उभा असतो. म्हणून आमच्यासारख्यांचा भाव पावसाबरोबर चढायचा, आणि आम्हीही तो चढवून घ्यायचो. मला एकदा धरणवाल्यांच्या एका माणसाने बाजारात नुसतं ‘काय, बरं आहे ना?’ विचारलं, तर मी पुढचे पंधरा दिवस शेडमध्ये कॉलर ताठ करून फिरत होतो.

आमच्या संघात एक रीत होती. दसऱ्याला बुटांना एरंडेल चोळायचं आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आमच्या क्लबच्या, मागच्या खोलीत ते आपापल्या खुंटीला टांगायचे. ज्याला संघ सोडायचा असेल त्याने मृगाच्या आत येऊन आपले बूट गुपचूप काढून न्यायचे. सांगायचं नाही, निरोप घ्यायचा नाही. आणि उरलेल्यांनी काही विचारायचं नाही, फक्त खुंटी बघायची. ‘तू राहणार ना?’ असं विचारणं म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला ‘निघणार कधी?’ विचारण्यासारखं. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण ज्याने घातली तो महामूर्ख होता, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या डाव्या बॅकला टांगायला बूटच नव्हते. तो आंदर मावळातल्या एका वाडीचा, भातशेती करणारा, आणि खेळायचा अनवाणी. वर्षातले आठ-नऊ महिने शेडमध्ये खलाशी, म्हणजे आम्हा फिटरांचा मदतनीस, बाकीचे महिने स्वतःच्या खाचरात. एकदा आमच्या कॅप्टनने हट्टाने त्याला बूट घातले. त्याने पहिलीच लाथ अशी मारली की बॉल जागेवर राहिला आणि बूट गोलात गेला. तो गोल धरायचा की नाही यावर दोन्ही संघ अर्धा तास भांडले. त्यानंतर त्याला कोणी बुटांचं नाव काढून छळलं नाही. बुटांऐवजी त्याने खुंटीला आपलं इरलं टांगलं. आमच्याकडे पावसात शेतात वाकून काम करताना डोक्यावर-पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. बारा जोड बुटांच्या रांगेत ते एक इरलं चौदा वर्षं लटकत होतं.

त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, रुंद, बेताचं बोलणारा. आणि मी कसा होतो ते आता सांगून टाकतो. मला उजवीकडे झेप घेता यायची. डावीकडे मी नुसता पडायचो. हे गुपित सगळ्या लोणावळ्याला ठाऊक होतं, पण त्याचा कोणाला उपयोग करता यायचा नाही, कारण डाव्या बाजूला भाऊ उभा असायचा. मी फक्त तोंड चालवायचो. ‘भाऊ, डावीकडं! भाऊ, मागं सर! अरे तुझ्या बापानं ठेवलाय का तो बॉल तिथं, मार की!’ नव्वद मिनिटं माझा पट्टा चालू असायचा. बाया-माणसं मॅच बघायला का येत नाहीत, असं कोणी विचारलं की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे.

भाऊला संघात टिकवायला आम्हाला एकच गोष्ट करावी लागे. आषाढात त्याच्या भाताची आवणी आणि आमच्या मॅची एकाच वेळी यायच्या. मग एका रविवारी अख्खा संघ वडगावला उतरून, नदी ओलांडून, चालत त्याच्या वाडीला जायचा आणि रोपं लावायचा. आमचा कॅप्टन गार्ड होता. तो बांधावर उभा राहून शिट्टी वाजवायचा आणि आम्ही वाकायचो. आमच्या ओळी अशा वाकड्या जायच्या की भाऊची बायको संध्याकाळपर्यंत गप्प बसायची आणि आम्ही गेल्यावर निम्मं पुन्हा लावायची. पण जेवायला वाढताना म्हणायची, ‘भावजी, औंदा लय सुधारला तुमी.’

तर त्या वर्षी, वैशाखात, मी इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम खेळायला गेलो असता सहज मागच्या खोलीत डोकावलो. भाऊची खुंटी मोकळी होती.

आधी मी इरलं खाली पडलंय का ते बघितलं. मग कपाटामागे बघितलं. मग, सांगायला लाज वाटते, एका बुटात हात घालून बघितलं. इरलं बुटात कसं मावेल, हे कळायला मला थोडा वेळ लागला. भाऊ भाताच्या रोपांसाठी राब भाजायला रजा घेऊन गावी गेला होता. जाताना इरलं घेऊन गेला. याचा अर्थ एकच.

कॅप्टनला सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, ‘धरणवाले त्याला आवणीला वीस माणसं देणार म्हणे. आपण अकरा, तीही वाकडी लावणारी.’ मी म्हटलं, ‘विचारून तरी बघू.’ कॅप्टन माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या घरी जाऊन भांडी मोजायला मागितली होती. ‘विचारायचं? आपल्यात?’ झालं, विषय संपला.

चार दिवस मी भाऊला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की शेडमध्ये इंजिनांनासुद्धा ऐकू गेल्या असतील. चौदा वर्षं! एकदा निरोप तरी! पाचव्या दिवशी राग उतरला आणि खाली नुसती भीती उरली. भाऊ नाही म्हणजे माझी डावी बाजू उघडी. माझी डावी बाजू उघडी म्हणजे पहिल्या मॅचमध्ये चार गोल. चार गोल म्हणजे मी बाहेर आणि शेडमधलं ते माकडासारखं उड्या मारणारं पोरगं आत. फुटबॉलशिवाय मी काय होतो? एक साधारण फिटर. तेही साधारण म्हणणं माझ्या फोरमनला मान्य झालं नसतं.

मग माझ्या डोक्यात जी कल्पना आली ती अशी, की भाऊ जिथे तिथे आपण. रविवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून मी वलवणला चालत निघालो. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायचो. सबंध रस्त्याने मी इतक्यांदा अंगठा नीट केला की वलवण यायच्या आत तो खरंच तुटला. शेवटी एका हातात चप्पल धरूनच मी धरणवाल्यांच्या कॅप्टनच्या दारात उभा राहिलो.

कॅप्टन भला माणूस. त्याने चहा मागवला, चपलेकडे बघितलं नाही. मी घसा खाकरून म्हणालो, ‘आमचा डावा बॅक तुमच्याकडे आलाच आहे. तर म्हटलं, आम्ही दोघं जोडीने बरे पडतो.’

 त्याने कप खाली ठेवला.

‘तो कुठे आलाय आमच्याकडे? दोन वर्षं मागे लागलोय. माघात पुन्हा जाऊन आलो त्याच्या वाडीला. कायमची नोकरी, आवणीला माणसं, सगळं कबूल केलं. म्हणाला, एकच अट. गोलकीपर बरोबर घ्या.’

‘कुठला गोलकीपर?’ मी विचारलं. खरंच विचारलं.

‘तुम्हीच की!’ तो हसायला लागला. ‘राग मानू नका, पण आमचा गोलकीपर चोवीस वर्षांचा आहे. मी म्हटलं, त्याच्यात आहे काय? तर म्हणतो, मला त्याचा आवाज पाहिजे. आम्हाला वाटलं थट्टा करतोय. नाही म्हटलं आम्ही, मग त्यानेही नाही म्हटलं.’

तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा मला उडी मारावीशी वाटत होती, आणि मी मारलीही, उजवीकडे. म्हणजे आमचा भाऊ कुठेही गेलेला नाही! म्हणजे मला नको म्हणाले म्हणून तो कायमच्या नोकरीला नको म्हणाला! एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, असा मी गाणं म्हणत स्टेशनात आलो आणि पुण्याकडे जाणारी पहिली गाडी पकडली. वडगावला उतरलो. दुसरी चप्पल नदीत सोडून दिली, एकटी ठेवून करायची काय? तापलेल्या वाटेने तळपाय भाजत होते आणि मी हसत होतो. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या आबांनी मला वाट सोडून बांधावरून जाणं पसंत केलं.

वाडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊ अंगणात पळसाच्या पानांच्या ढिगात बसला होता आणि मांडीवर तेच इरलं. उंदरांनी खाल्लेली पानं उपसून नवी घालत होता. एवढंच होतं ते. उंदीर!

मी अंगणाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. त्याने वर पाहावं, दचकावं, मग मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलावं, असा बेत होता. त्याने वर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. आमच्यामध्ये दहा पावलं असतील आणि लख्ख ऊन होतं.

‘कोन हाय?’ तो म्हणाला.

मला वाटलं रुसलाय. मीही तसाच उभा राहिलो. त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

‘कोन हाय त्ये? बोला की.’

‘भाऊ,’ मी म्हटलं.

‘आरं फिटर!’ त्याचा चेहरा एकदम उजळला. ‘तू व्हय! हितं कुटं? आन चपलंचा आवाज न्हाई आला, अनवानी? बूट सोडलंस का काय?’

माझं सगळं ठरवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं. मी जाऊन त्याच्याजवळ पानांत बसलो. त्याची बोटं इरल्यावर चालत होती, पण डोळे तिकडे नव्हतेच. कामट्या बोटांनीच चाचपत होता.

‘किती दिवस झाले?’ मी विचारलं.

त्याला कळलं मी काय विचारतोय. घराकडे एकदा बघून हळू म्हणाला, ‘तीन पावसाळं झालं. जवळचं जरासं दिसतंय. लांबचं समदं धुकं. बॉल पायाशी आला की कळतोय.’

‘मग खेळतोस कसा?’

‘तू वरडतोस की मागनं,’ तो म्हणाला. ‘डावीकडं म्हन्लास की डावीकडं, मागं म्हन्लास की मागं. तुजं काय चुकत न्हाई. धरनवाल्यांचा गोलकीपर तोंडच उघडत न्हाई. तितं जाऊन मी काय करू?’

मी तीन वर्षं समजत होतो की हा माझी डावी बाजू राखतो. राखत होताच. पण राखायची कुठे, हे त्याला माझं तोंड सांगत होतं, ज्या तोंडाला सगळं गाव नावं ठेवायचं.

मग मीही कबूल केलं, की आज सकाळी मी वलवणला जाऊन आलो, तुझ्या मागे जायला म्हणून. ते ऐकल्यावर भाऊ पानांच्या ढिगात आडवा झाला आणि इतका हसला की आतून वहिनी धावत आल्या. ‘आगं, ह्यो माज्या मागं निगालता,’ तो त्यांना सांगत होता, ‘आन मी ह्याच्यापायी हितंच बसलोय!’ वहिनींनी माझे पाय बघितले आणि पाण्याची बादली आणली.

‘आन इचारलं का न्हाईस?’ हसून झाल्यावर त्याने विचारलं.

‘आपल्यात विचारत नाहीत,’ मी म्हटलं.

‘व्हय, त्ये बी खरं.’

मृगाच्या आदल्या दिवशी इरलं खुंटीला परत आलं. कॅप्टनने ते पाहून टोपी काढली आणि बराच वेळ घातली नाही. भाऊच्या डोळ्यांचं मी कोणाला सांगितलं नाही. आम्ही दोघं त्यानंतर आणखी दोन मोसम खेळलो आणि बऱ्यापैकी हरलो. मी झेप घ्यायचं जवळजवळ सोडलं, पण दर मॅचला खिशात ज्येष्ठमधाची काडी ठेवायचो आणि आदल्या दिवशी ताक प्यायचो नाही. त्या दोन पावसाळ्यांत माझा घसा एकदाही बसला नाही.