न फोडता घेतलेली सुपारी

आत्याचा पुतण्या नवी मुंबईत गुंतवणुकीचे सल्ले देतो. त्याने तिला ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकला जाणारा फंड, घ्यायला लावला. "सोपं आहे काकू. शेअरसारखा घ्यायचा, शेअरसारखा विकायचा." ते पैसे वादळात पडलेल्या सुपारीच्या पोफळी पुन्हा लावायला ठेवलेले होते. आत काय आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आत बघायची गरजच नाही, मोबाइलवर भाव दिसतो की!" आणि हसला. ते हसणं मी विसरले नाही.

आत परदेशी कंपन्यांचे शेअर होते. फंडांना घालून दिलेली परदेशी खरेदीची मर्यादा भरल्यामुळे या फंडाची नवी युनिटं निघत नव्हती, आणि होती त्यांच्यावर लोकांच्या उड्या पडत होत्या. त्यामुळे भाव आतल्या मालाच्या किमतीपेक्षा खूपच वर गेलेला. आत्याने नेमका तेव्हाच घेतला. पुढे गर्दी ओसरली, भाव उतरला. परदेशातले शेअर जागच्या जागी, पैसे आटले ते आत्याचे. वाडीतले खड्डे अजून रिकामे आहेत.

आमच्या श्रीवर्धनात सालासकट सुपारी कोणी पोतं बघून घेत नाही. हात घालून मूठभर काढायची, अडकित्त्याने फोडायची, आत पांढरी की काळी ते बघायचं, मग भावाचं बोलायचं. जन्मभर हे केलेली बाई घरच्या माणसावर विश्वास ठेवून फसली, याचाच मला जास्त राग.

तो मेला पुतण्या तोच फंड विकायला आमच्या बागायतदारांच्या सभेत आला. मी पुढेच बसले होते.

"आतल्या मालाची आजची किंमत किती? आणि बाजारात ती कितीने चढवून विकताय?"

"ते जरा टेक्निकल आहे, ताई."

"मग सोपं कसं?"

सगळी सभा हसली. एकानेही फंड घेतला नाही. खोटं कशाला बोलू, त्याच्या कपाळावरचा घाम बघून मला फार बरं वाटलं.

नात्यातला म्हणून दुपारी आत्याकडेच जेवायला आला. जेवण झाल्यावर पाहुण्याला सुपारी कातरून द्यायची तिची रीत. त्या दिवशी तिने अख्खी सुपारी त्याच्या हातावर ठेवली.

"काकू, अडकित्ता?"

"कशाला रं? आत बघायची गरज न्हाय म्हनालास ना? चाव तशीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. अडकित्ता माझ्या मांडीखाली होता. मी उठले नाही.