चारशे बारा वेळा

बारा नंबरची बस चालवणाऱ्या बाईला डेपोत कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ती बारावाली. सकाळी ती गेटातून आत आली की कुणीतरी म्हणायचंच, "आली बारावाली! आज कुणाचे बारा वाजतायत बघा." तीही कमी नव्हती. "रांगेत उभे राहा, तुमचाही नंबर लागेल," म्हणायची, हजेरीच्या वहीत सही ठोकायची आणि गाडीकडे चालू पडायची. सात वर्षं झाली चालवतेय, गाडीला साधा ओरखडा नाही.

अशा बाईच्या डोक्यात विमान शिरलं. शिरलं म्हणजे काय, शाळेपासून होतंच. परिस्थितीनं हातात बस दिली एवढंच. मग एका विमान कंपनीची जाहिरात आली. निवड झाली तर वैमानिकाचं सगळं शिक्षण कंपनी देणार. विज्ञान घेऊन बारावी हवी, ती होती. वय तिशीच्या आत हवं, आणि तीस पूर्ण व्हायला चारच महिने उरले होते. पहिली पायरी म्हणजे घरी बसून ऑनलाइन द्यायची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. तिथं अडकलं की कायमचं अडकलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जेवणाच्या टेबलावर दादाचा लॅपटॉप मांडला. नियम तर विचारूच नका! खोलीच्या चारही भिंती कॅमेऱ्याला दाखवा, दार लावून घ्या, टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा नको. बाहेर आईनं खोकलासुद्धा पदरात दाबून धरला. परीक्षा पंचावन्न मिनिटांची. एका हातानं हलता ठिपका वर्तुळात धरून ठेवायचा, दुसऱ्या हातानं गणितांची उत्तरं द्यायची, आणि कानात कुणीतरी आकडे म्हणत असतं, त्यात सात आला की बटण दाबायचं. भल्याभल्यांची भंबेरी उडते म्हणे. बारावालीला मात्र मजा आली. मागे प्रवाशांची भांडणं, पुढे आडवा येणारा सायकलवाला आणि मध्येच वाजणारी घंटी सांभाळणाऱ्या बाईला त्या ठिपक्याचं काय कौतुक! दार उघडून ती आईला म्हणाली, "जमलं गं."

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण. आणि खाली लाल अक्षरांत: नजर पडद्यावरून चारशे बारा वेळा हटली, गैरप्रकाराचा संशय, निकाल रोखला आहे. सोबत एक फॉर्म. 'माझ्याकडून गैरप्रकार झाला, पुन्हा होणार नाही' या ओळीखाली सही केली तर एकदा फेरपरीक्षा मिळेल. करायची नसेल तर समितीपुढे बोला, पण समिती म्हणेल ते अखेरचं.

"कॉपी? मी?" तिच्या आवाजानं शेजारची खिडकी उघडली.

दादा म्हणाला, "अगं, करून टाक सही. एक ओळ तर आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

"थोडं नमतं घेतलं तर काय बिघडतं?" आई म्हणाली.

"केली असती ना आई, तर पाय धरले असते त्यांचे. न केलेल्याची कबुली मी देणार नाही. मेले तरी देणार नाही."

पण तो आकडा तिला खात होता. आपण तर कुठंच बघितलं नाही, मग चारशे बारा आले कुठून? दादानं पेन घेऊन भागाकार केला आणि कागदाकडे बघत बसला. "दर आठ सेकंदांनी एकदा," तो म्हणाला. "घड्याळ लावल्यासारखं. इतक्या शिस्तीत कॉपी कोण करतं गं?"

बारावालीनं कपाळावर हात मारला. "आरसे! अरे दादा, आरसे!"

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी घोटून घेतलं होतं. मनात आठ मोजायचे आणि आरशात नजर टाकायची, एकदा डाव्या, एकदा उजव्या. विसरली की बोटांवर पट्टी बसायची. सात वर्षांत मोजणं सुटलं, नजर मात्र आपोआप जात राहिली. आणि त्या दीडशहाण्या कॅमेऱ्याला ती चोराची नजर वाटली! जी बाई रोज डोळ्यांत तेल घालून साठ-साठ जीव नेते-आणते, तिच्यावर हा आळ. संताप नाही येणार तर काय होईल?

"मग तसं कळव," दादा म्हणाला. "सवयीनं चूक झाली, माफ करा म्हणावं."

"सवय आहे. चूक नाही." फॉर्म तिनं कोराच परत पाठवला.

सुनावणी दुपारी, दोन फेऱ्यांच्या मध्ये होती. डेपोतल्या कारकुनानं आपली खुर्ची आणि संगणक तिला दिला. पडद्यावर तिघं: अध्यक्ष म्हणून निवृत्त वैमानिक बाई, परीक्षा अधिकारी, आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. बारावालीनं गणवेशातच सगळं सांगितलं, भागाकारासकट.

"पण पडद्यावर आरसे नव्हते," अधिकारी म्हणाले.

"नव्हते. डोळ्यांना ते कुणी कळवलं नाही."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "फेरपरीक्षा दिली, तर नजर समोरच ठेवाल?"

एक 'हो' म्हटलं की काम फत्ते होतं. कारकून पडद्याआडून 'हो म्हण, हो म्हण' अशी मान हलवत होता. शाळेपासूनचं विमान आता आपल्याच तोंडानं जाणार, हे बारावालीला स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं मला माणसं घेऊन निघायचंय. तुमच्या कॅमेऱ्यासाठी ही सवय मोडली, तर त्यांचं काय?"

"मग आम्हाला अर्ज नाकारावा लागेल," अधिकारी म्हणाले.

"नाकारा की! पण कारण खरं लिहा. ही बाई चालवताना चहूकडे लक्ष ठेवते, म्हणून विमानाला नालायक, असं लिहा. खाली तिघांच्या सह्या करा. मी ते पत्र डेपोच्या फळ्यावर लावते."

मग अध्यक्षबाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "लिहा. पण सही तुमची एकट्याची. मी आयुष्यभर चहूकडे नजर फिरवतच विमान चालवलं, माझी सही मिळणार नाही."

अधिकाऱ्यांनी काही लिहिलं नाही.

चार दिवसांनी पत्र आलं. एक्क्याण्णव गुण कायम, लाल अक्षरं गायब, खाली पुढच्या फेरीची तारीख. आईनं ते तीनदा वाचून घेतलं आणि रडली. बारावालीनं मात्र ते उलटंपालटं करून पाहिलं, आणि तिथल्या तिथं उत्तर लिहायला बसली: 'पत्र मिळालं, तारखेला हजर राहीन. मला चोर म्हणाला होतात, त्याबद्दलची माफी यात दिसत नाही. ती वेगळी पाठवताय का?'