फुली वर, गोल वर

त्या हिवाळ्यात आईच्या खोलीत दिवसभर एक पिवळा दिवा लागायचा आणि विझायचा. टक् असा बारीक आवाज व्हायचा, भिंत उजळायची. थोड्या वेळाने पुन्हा टक्, की भिंत राखाडी. मी तिच्या पलंगाशेजारी सतरंजीवर आडवी झालेली असायची. आमचं बेसा म्हणजे नागपूरच्या कडेची नवी वस्ती, चहूकडे बांधकामं, पण दुपारच्या सुट्टीत तीही थांबायची, आणि मग त्या उजेडाच्या येण्याजाण्यात आपण जागे आहोत की झोपेत, ते मलाच कळायचं नाही.

दिवा थर्मोकोलच्या डब्यात होता, आणि डब्यात अंडी होती.

आई सावनेरकडे एकटी राहायची. अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, नागपुरात ऑपरेशन झालं आणि मी तिला घरी घेऊन आले. ऑपरेशन उत्तम झालं होतं. आईच बरी व्हायला तयार नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी स्वतःहून कूस बदलायला सुरुवात केली तरच त्या पुढे उठतील, नाहीतर अंथरूण धरतील. तोवर थोड्या थोड्या वेळाने मीच तिला फिरवायची. गुडघ्यांमध्ये उशी, एक हात खांद्याला, एक कमरेला. दर वेळी ती म्हणायची, "काहून हलवून राहिली वं मले? पडू दे ना."

मी काही फार सोशीक बाई नाही. कधी कधी मी तिच्यावर खेकसायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

अशात तिची सावनेरची शेजारीण तिला भेटायला आली. आईच्या कोंबड्या आता तीच सांभाळत होती. येताना तिने एका डब्यात कापूस भरून, त्यात गावरान अंडी लपेटून आणली होती. उकडून खाऊ घाल, ताकद येईल, असं मला म्हणाली. ती गेल्यावर मी गॅसवर पाणी ठेवणार, तेवढ्यात आईने बोलावलं. एक अंडं मागून घेतलं, तळहातावर बराच वेळ ठेवलं.

"हे अंडे खायचे नाही," ती म्हणाली. "उबवून पाहू."

कित्येक दिवसांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. तिने हत्ती मागितला असता तरी मी शोधायला निघाले असते.

आमच्या यांना असल्या उद्योगांची हौस भारी. औषधाच्या दुकानातून थर्मोकोलचा डबा आणला, त्याला भोकं पाडली, आत वाटीभर पाणी, गरम-गार मोजून दिवा आपोआप लावणारं एक यंत्र, आणि वर चकचकीत एलईडी बल्ब. मोठ्या ऐटीत बटण दाबलं. आईने मान थोडी वळवून पाहिलं.

"जवाईबापू, उजेडच आहे ना यात. ऊब कुठी आहे?"

मग जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बसाठी यांनी नागपूरच्या महाल भागातली सगळी दुकानं पालथी घातली. मला फार दिवसांनी हसू आलं.

अंडी एकाच अंगावर राहिली तर आतला जीव कवचाला चिकटतो. कोंबडी चोचीने सरकवून त्यांना फिरवते. आम्हाला ते हाताने करायचं होतं. मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, मग गोल वर, मग पुन्हा फुली. आणि अंडी फिरवली की लगेच आईला फिरवायचं, असा आपोआप नेम पडला. फुली वर असताना आई खिडकीकडे, गोल वर असताना भिंतीकडे. डबा खिडकीपाशी स्टुलावर होता. तिची कुरकुर कमी झाली. "आधी थे, मंग मी," एवढंच म्हणायची.

एकदा पडदे ओढून मी मोबाइलचा टॉर्च एका अंड्याला खालून लावला. आत लाल रेषांचं जाळं दिसलं, मधे एक काळा ठिपका, हलणारा. आई बघत राहिली. "जीव धरला यानं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून तिच्या कोंबड्यांना बोलवावं तसं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत झोपी गेली. मीही झोपले. स्वप्नात आमचं अंगण होतं, आणि आई त्यात चालत होती.

अंडी उबायचे शेवटचे दिवस आले तेव्हा तिने मला अडवलं. "आता नको फिरवू त्यायले. आता थे आपल्या मनानं फिरतीन."

मी डबा बंद केला आणि सवयीने तिच्या खांद्याला हात घातला. ती तेव्हा भिंतीकडे होती.

"मलेही नको लावू हात."

"तू काय अंडं आहेस?" मी ओरडलेच. गेले कित्येक दिवस गिळलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर आलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, कणीक काढली आणि त्या कणकेवरच राग काढत बसले. रडतही होते. मला वाटलं, झालं, हिने अंथरूण धरायचं ठरवलं आता.

किती वेळ गेला कोण जाणे. कणकेचे हात तसेच घेऊन मी परत आले, तर दारातच ऐकू आलं. बंद कवचाच्या आतून, अगदी बारीक. ची. मग काही नाही. मग पुन्हा ची.

दिवा टक् करून लागला. आईचं तोंड डब्याकडे होतं. पांघरूण अंगाखाली पिळवटलेलं, एक कोपर पलंगाच्या कडेला रुतलेलं, कपाळावर घाम. निम्मी वळून ती तशीच अडकली होती, आणि डोळे मात्र डब्यावर.

"पाहत काय राहिली वं," ती धापा टाकत म्हणाली. "पाठीमांगं उशी दे."

मी उशी लावली. तिला हात लावला नाही.