पहिली कात्री कुणाची

आमच्या मोहल्ल्यात ज्या बाईला धड टाका घालता येतो, तिने तो ओयनिसोकडे शिकलेला असतो. जिला येत नाही ती सालोमत. पण सालोमतकडे नंतर येऊ.

ओयनिसोचं घर जुन्या इस्तरवशान शहरात, लोहारांच्या गल्लीच्या मागे. दोन खोल्या, अंगणात एक जर्दाळू आणि एक तंदूर. दुपारी शाळा सुटली की आया आपापल्या पोरींना हाताला धरून तिच्या दारात आणून सोडायच्या. "आपा, हिला काहीतरी शिकवा. दिवसभर नुसती टीव्हीपुढे बसून असते."

ओयनिसो पोरीकडे बघायची. "घरात बापाचा फाटका सदरा आहे? तो आण. नवं कापड आणलंस तर दारातूनच परत पाठवीन."

फाटक्या सदऱ्याचं आधी गरम भांडं धरायचं फडकं व्हायचं. मग तंदुरात नान थापायची गादी, मग उशीचा अभ्रा, आणि मग चौकोनाला चौकोन जोडून गोधडी. गोधडी पुरी झाली की पोरीला तंदुरापाशी न्यायची आणि पिठात हात घालायला लावायची. खर्च शून्य. चुकलं तर चुकलं, चिंधीसाठी कोण रडतंय, असं ती म्हणायची आणि वाकडी शिवण स्वतः उसवून द्यायची. तिच्याकडे चिंध्या कधी संपल्या नाहीत. तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. रशियाबरोबरचा आमचा जुना देश मोडला, कारखाना बंद पडला, आणि शेवटच्या पगाराऐवजी बायकांच्या हातात चिंध्यांची गाठोडी दिली. बाकीच्या बायकांनी शिव्या देत ती गाठोडी नाल्यात टाकली. ओयनिसोने त्यातली जमतील तेवढी उचलून घरी आणली. सासूने कपाळावर हात मारून घेतला होता.

तर त्या शिवणाच्या खोलीत, यंत्राच्या वर, भिंतीत एक खिळा होता. खिळ्यावर जाळीची पिशवी आणि पिशवीत एक नान, एका बाजूने चावलेला. घरातलं माणूस परमुलखी निघालं की आमच्याकडे त्याला ताज्या नानचा एक घास चावायला लावतात आणि उरलेला टांगून ठेवतात. उरलेला त्याने परत येऊन संपवायचा. हा नान ओयनिसोच्या नवऱ्याचा, तुराबचा होता. तो रशियात घरांची छपरं घालायला गेला तेव्हा मावजुदा, त्यांची एकुलती एक पोरगी, नुकती पहिलीत जायला लागली होती. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. तुराबने उभ्या उभ्या एवढा मोठा लचका तोडला की ओयनिसो म्हणाली, "अरे, सगळा आत्ताच खाशील तर आल्यावर काय खाशील?"

"लवकर येणार आहे म्हणून मोठा घेतला," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

आधी दर शुक्रवारी फोन यायचा. मग ईदला आणि नवरोजला. मग पुतण्याच्या हाती पैसे यायला लागले, आणि मग पुतण्याच तेवढा यायला लागला. ओयनिसो दर नवरोजला पिशवी उतरवायची, नान मांडीवर ठेवायची, पिशवी धुऊन वाळवायची आणि पुन्हा टांगायची. नान दगड झाला होता. पण चावलेल्या कडेवर त्याच्या दातांच्या खुणा तशाच होत्या, आणि पिशवी वाळेपर्यंत ती त्यावरून बोट फिरवत बसायची. तिला त्याची फार आठवण यायची. त्याच्या बडबडीची, त्याच्या घोरण्याची, जेवताना मीठ कमी म्हणून रुसण्याची. गेल्या हिवाळ्यात पुतण्या आला तो मान खाली घालूनच.

"काकी, काकांची वाट नका बघू. त्यांनी तिकडे घर केलंय. बाई आहे. लहान मुलगा आहे."

"चहा घे," ओयनिसो म्हणाली. "गार होतोय."

तो गेल्यावर तिने कप विसळले. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. नान खिळ्यावरच राहिला.

आणि वसंतात मावजुदाचं लग्न ठरलं. मुलगा सोरबोन, घाटापलीकडच्या पंजकेंतचा, शाळेत मास्तर. त्याला आई नव्हती, त्याला आजीने, ओलियाबीबीने, वाढवलेलं. लग्नाआधी आमच्याकडे नवरीचं कापड कापायचा एक दिवस असतो. पांढरं कापड अंथरायचं, वर खडीसाखर उधळायची, आणि पहिली कात्री लावायची ती भरल्या घरच्या बाईने, म्हणजे नवरा हयात, पोरंबाळं धड अशा बाईने. तिचं नशीब कात्रीतून कापडात उतरतं आणि नवरीच्या अंगाला लागतं. पुढची सगळी शिवण मग शिंपिणीची. ओयनिसोने आख्ख्या मोहल्ल्याच्या पोरींचे लग्नाचे कपडे शिवले, पण पहिली कात्री तिच्या हाती एकदाही आली नाही. नवरा परदेशात असलेल्या बाईला कोण बोलावणार? ती कोपऱ्यात सुई-दोरा घेऊन बसायची आणि कापडाचा तो पहिला करकर आवाज ऐकायची. तिची एकच इच्छा होती, की मावजुदाच्या कापडावर तो आवाज आपल्या हातून व्हावा. बाकी देवाकडे तिने हल्ली काही मागणं सोडून दिलं होतं.

मोहल्ल्यातली भरल्या घरची बाई म्हणजे सालोमत. पाच मुलगे, दोन मुली, आणि कोपऱ्यावर शोरव्याचं हॉटेल चालवणारा, तीन माणसांएवढा नवरा. सगळ्या नवरीमुलींची कापडं तीच कापायची आणि सगळी वाकडी कापायची. तिची रेघ कधी ओढ्यासारखी जायची तर कधी कुठेच जायची नाही, आणि मग ओयनिसो ती शिवणीत लपवत बसायची. आपल्या पोरीच्या कापडाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ओयनिसोने ठरवलं. तिने सालोमतला घरी बोलावून जुनी चादर पुढ्यात टाकली.

"आपा, माझे हात शोरवा ढवळायचे. त्यांना कात्री कळत नाही गं," सालोमत म्हणाली.

"कळेल. अंगठा इथे घाल. कोंबडी धरल्यासारखी काय धरतेस?"

"मी सगळं तसंच धरते. नवऱ्यालासुद्धा."

"म्हणून तो पळाला नाही," ओयनिसो म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग ओयनिसो हसायची थांबली. सालोमतने जीभ चावली.

ती रोज दुपारी आपल्या पोरींच्या वयाच्या मुलींमध्ये मांडी घालून बसायची आणि चादरीच्या पट्ट्या कापायची. मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. ओयनिसो तिला सांगायची, "कात्री उचलायची नाही. खालचं पातं जमिनीवर टेकवून ठेव आणि पुढे सरकव. पात्याकडे बघू नकोस, जिथे पोचायचंय तिथे बघ." कापलेल्या पट्ट्यांची मुलींनी पायपुसणी विणली. चादर संपली, मग तिच्या नवऱ्याचे लेंगे आले.

एकदा मुली गेल्यावर सालोमत म्हणाली, "आपा, एवढा आटापिटा कशाला? तूच काप की. तुराब जिवंत आहे. त्याचा नान टांगलेला आहे. कोण काय म्हणणार आहे?"

"रेघेकडे बघ," ओयनिसो म्हणाली.

पण ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. आणि नेमकी पुढच्या आठवड्यात ओलियाबीबी मुलीला भेटायच्या निमित्ताने येऊन घर बघून गेली. म्हातारी वाकलेली, पण नजर घारीची. चहा पिता पिता तिने भिंतीकडे मान वळवली.

"हा विहीणबाईंच्या मालकांचा का?"

"हो, बीबी."

"किती निगुतीने ठेवलाय. आजकालच्या बायका वर्षात विसरतात." तिने कप ठेवला. "मग कापडाला कात्री दुसरीने कशाला लावायची? मालक खुशाल आहेत, तुमची त्यांच्यावर माया आहे. तुम्हीच लावा. आमच्याकडून काही हरकत नाही."

ओयनिसोने बीबीच्या कपात चहा ओतला तो बशीत सांडेपर्यंत ओतला. म्हातारी वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच ती आपली मोठी कात्री घेऊन लोहारांच्या गल्लीत धावली. नेमत लोहाराने धार लावली आणि पैसे घेतले नाहीत. परत येताना तिने दोनदा ओढणीआड कात्री उघडून मिटली. सगळ्या गल्लीने बघितलं की ओयनिसो आज रस्त्यात एकटीच हसतेय.

कापणीच्या दिवशी खोलीत बायका मावेनात. पांढरं कापड अंथरलं, खडीसाखर उधळली, मावजुदा डोक्यावरून ओढणी घेऊन कोपऱ्यात बसली. ओयनिसो गुडघे टेकून कापडाशी बसली. कात्रीचं खालचं पातं तिने काठाखाली सरकवलं. कापड गार होतं. बायकांनी दुव्यासाठी ओंजळी उचलल्या आणि ओलियाबीबीने दुवा म्हटला. दर लग्नात म्हणतात तोच, ओयनिसोने कोपऱ्यात बसून कितीदा ऐकलेला.

"या हाताचं नशीब या पोरीला लागो. हिचा संसार जसा, तसाच या नवरीचा होवो. आमीन."

"आमीन," बायका म्हणाल्या आणि थांबल्या.

ओयनिसोचा हात हलला नाही. तिने वर भिंतीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या ओढणीकडे. हाताशी आलेला तो करकर आवाज तिला इतका हवा होता की तिचे दात आवळले गेले. आणि तिला रोजच्या संध्याकाळी दिसल्या, फोन समोर ठेवून बसलेल्या. पण फोनसमोर बसलेली बाई ती नव्हती, मावजुदा होती.

तिने पातं काठाखालून काढून घेतलं. "सालोमत, इकडे ये. माझ्या हाताला मुंग्या आल्यात."

"आत्ता?" ओलियाबीबी म्हणाली.

"आत्ताच आल्या, बीबी. म्हातारी झाले."

सालोमतने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि येऊन बसली. अंगठा घातला. पातं जमिनीला टेकवलं. पलीकडच्या काठाकडे बघत तिने कात्री सरकवली, आणि कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, दोऱ्यासारखं फाकत गेलं. बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. सालोमतच्या जन्मातली ती पहिली सरळ रेघ. ओयनिसो रडायला लागली. आई आहे, आनंद झालाय, असं म्हणत एका बाईने तिच्या तोंडात खडीसाखर भरली.

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर मावजुदा कापडावरची साखर वेचत होती.

"आई, तू का नाही कापलंस?"

"सांगितलं ना. मुंग्या आल्या."

मावजुदा वेचत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "मला माहीत आहे. त्या मुलाचा फोटो मी पाहिलाय, बाबांचे पैसे आणतो त्या दादाच्या फोनमध्ये. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. त्याचे कान बाबांसारखे आहेत."

ओयनिसो खालीच बसली. "आणि तू बोलली नाहीस?"

"तू दर नवरोजला ती पिशवी धुवायचीस. कशी बोलू?"

ओयनिसो उठली, स्टुलावर चढली आणि पिशवी उतरवली. तिने नान दगडी खलात घालून कुटला, दुधाचा खारा चहा उकळला, त्यात लोणी सोडलं आणि दोन वाडग्यांत तुकडे टाकून वरून चहा ओतला. फार वेळाने ते भिजले.

"हे बाबांचं होतं," मावजुदा म्हणाली.

"पीठ माझं होतं. मळलं मी, भाजलं मी. खा."

त्याला धुळीची चव होती. दोघींनी वाडगे पुसून खाल्लं. कधी एक रडायची, कधी दुसरी, आणि एकदा मावजुदाच्या दाताखाली खडा आला तेव्हा दोघींना हसू फुटलं.

लग्नाच्या सकाळी ओयनिसोने तंदूर पेटवला. मोटार दारात आली, घाट उजेडी ओलांडायचा म्हणून सोरबोनचे मामा घाई करत होते. मावजुदा नटून उंबऱ्याशी आली. आईने शिवलेला पांढरा अंगरखा, त्यावर एकही सुरकुती नाही. तिने टोपलीतला गरम नान उचलला, एक घास चावला आणि उरलेला आईपुढे धरला.

"टांग," ती म्हणाली. "मी येईन."

बाहेर भोंगा वाजला. ओयनिसोचा हात आपोआप पुढे गेला, नान तिने घेतलाही. भिंतीवर पिशवीच्या जागी फिकट डाग होता आणि वर खिळा. तिला तो नान तिथे फार हवासा वाटला.

मग तिने तो मावजुदाच्या हातात परत ठेवला. "सगळा खा."

"आई..."

"आठवण आली तर ये. नाही आली तर नको येऊस. खिळ्याला टांगून मी आता कुणाची वाट बघणार नाही. खा बाई, गरम आहे."

मावजुदा उंबऱ्यात उभी राहून खात होती. बाहेर भोंगा वाजतच होता. ओयनिसोने पांढऱ्या अंगरख्यावर काही सांडू नये म्हणून तिच्या हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली. मोटार वळणापलीकडे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ओंजळ अजून तशीच आहे, आणि तिने त्यातले कण एकेक करून खाल्ले.