पत्र्यावरची तीट

"पत्रा काही विसरत नाही, आपण पुट्टी लावून त्याला गप्प बसवतो, एवढंच," असं सहादू एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता आणि आवाजात थोडी फुशारकी. समोर, सातपूरच्या त्याच्या बैठ्या घराच्या अंगणात, एक गंजलेली फियाट विटांवर उभी होती. चाकं काढलेली, काचा काढलेल्या, दिव्यांच्या जागी दोन भोकं. शेजारचा धम्मपाल, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, कंपाउंडच्या भिंतीवर रेलून म्हणाला, "सहादूभाऊ, ही गाडी नाही. गाडीचं हाडूक आहे."

"हाडूक असलं म्हणजे झालं. मांस मी चढवतो."

सहादूचं आयुष्य पत्र्यात गेलं. सटाण्याकडच्या एका वस्तीवरून तो मिसरूड फुटायच्या आत नाशकात आला आणि भद्रकालीच्या मागच्या गल्लीत सलाउद्दीन उस्तादांच्या गॅरेजमध्ये डेंटिंग शिकला. बरीच वर्षं तिथे काढून पुढे सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर लागला. तिथल्या आवाजाने त्याचा उजवा कान घेतला. बोटं मात्र शाबूत राहिली.

उस्तादांची एक रीत त्याने कधी सोडली नाही. चेपलेला पत्रा सरळ झाला, की रंगाला देण्याआधी त्याच्या आतल्या अंगाला पंचाचा, म्हणजे खूण उमटवायच्या लोखंडी खिळ्याचा, एक ठोका ठेवायचा. उस्ताद म्हणायचे, "बेऐब काम को नजर लगती है, बेटा. एक ऐब अपने हाथ से छोड." तान्ह्या पोराच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, तसंच ते. म्हणून सहादू त्याला तीट म्हणायचा. त्याच्या पंचाचं टोक उडालेलं होतं, त्यामुळे त्याची तीट गोल न उमटता चंद्रकोरीसारखी उमटे. धम्मपालच्या स्कूटरला ती होती. घरातल्या पिंपाला होती. वहिनीच्या पत्र्याच्या पेटीलाही, झाकणाच्या आतून, होती.

वहिनी म्हणजे चिमणाबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको. सहादूची आई लवकर गेली, तेव्हा नव्यानेच घरात आलेल्या या मुलीने त्याला भाकरी करून घातली. भाऊ धोंडीराम दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचा. एका चैत्रात तो खांद्यावर निशाण घेऊन निघाला आणि कळवणच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात त्याला कुणीतरी उडवलं. निशाणाची काठी सापडली. कापड सापडलं नाही. लोक म्हणाले, ट्रक असणार. मोठं काही वाईट झालं की त्या रस्त्यावर ते ट्रकनेच केलेलं असायचं. ज्याने उडवलं तो थांबला नव्हता, आणि पुढे कुणी शोधलाही नाही.

सहादूने वहिनीला नाशकात आणलं. तेव्हापासून ती गडावर गेली नव्हती. एसटीने नाही, जीपने नाही. "ते पायी निघाले आन् पोचले नाय. मी बसून कशी जाऊ?" असं म्हणायची. पण या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सहादूला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. घरी आल्यावर ती आपणहून म्हणाली, "या चैत्रात मला गडावर ने. भाड्याच्या गाडीत नको. घरच्या गाडीत ने."

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करणाऱ्याच्या घरी गाडी नव्हती. नामपूरला एका आडत्याच्या नातवाकडे जुनी फियाट पडली आहे असं कळलं, तेव्हा सहादू जाऊन ती टेम्पोत घालून घेऊन आला. कांद्याच्या चाळीत, मागच्या भिंतीला लागून ती उभी होती. नातू म्हणाला होता, "आजोबांनी एकदा इथं लावली ती लावलीच. परत बसले नाहीत तिच्यात. विकूही देत नव्हते." सहादूने ते ऐकलं आणि टायरवर लाथ मारून पाहिली.

गाडी अंगणात उतरली, तेव्हा सहादूच्या बायकोने, वत्सलाबाईने, नाकाला पदर लावला. "अहो, ही गाडी आहे का कांद्याचं पोतं?" दार हलवलं की आतून कांद्याची टरफलं झरायची. झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा असायची, वाळलेली, गुलाबी, नखांसारखी. स्टिअरिंगच्या दांड्याला एक चिंधी बांधलेली होती. कधीकाळी ती लाल असावी. वत्सलाबाई ती सोडायला गेली, तर सहादू म्हणाला, "राहू दे. गडाची असेल. तिकडच्या सगळ्या गाड्यांना असते."

चिमणाबाई तेव्हा पुढे आली. तिने चिंधी दोन बोटांत धरली, तिची कड उलटून पाहिली, सोडून दिली. मग ओट्यावर जाऊन बसली. त्या दिवसानंतर तिची बसायची जागा बदलली. ओट्याच्या ज्या टोकावरून गाडीची डावी बाजू दिसायची, तिथे ती पोतं टाकून बसू लागली.

सहादूने गंज खरवडला. सडलेले तळाचे पत्रे कापले, नवे जोडले. धम्मपालने इंजिन उतरवून आपल्या ओट्यावर नेलं आणि "एसटीनं शिकवलं ते आता कामाला आलं" म्हणत महिनाभर त्याच्या पोटात हात घालून बसला. सगळं जमत आलं. जमेना ते एकच. डाव्या मडगार्डावरून बोनेटच्या कडेपर्यंत एक खळगा होता. गादीवर कुणी टेकून उठावं आणि आकार मागे राहावा, तसा. वरची जुनी पुट्टी तडकून त्याचा काठ उघडा पडला होता. सहादू आतून डॉलीचा लोखंडी ठोकळा लावून, वरून हातोडीने हळूहळू तो सपाट करायचा. संध्याकाळी पत्रा सरळ व्हायचा. उजाडायच्या सुमाराला अंगणात एकदाच आवाज यायचा, टण्, पातेल्याचं बूड बसतं तसा. सकाळी खळगा जागेवर.

"गाडी रुसलीय तुमच्यावर," वत्सलाबाई म्हणाली.

"पत्रा ताणला गेलाय," सहादू म्हणाला. "आधी ज्यानं ठोकला त्यानं घाई केली. गरम करून, ओल्या फडक्यानं आवळून घ्यायला पाहिजे होता. ते न करता वरून पुट्टी थापली. हलकट माणूस."

"तुम्ही आवळा की मग."

"आवळला. आवळून पण येतो."

धम्मपालने हात लावून पाहिला. ऊन डोक्यावर आलेलं होतं, सगळी गाडी तव्यासारखी तापली होती, आणि खळग्यातला पत्रा गार होता.  हात पँटला पुसला आणि पाणी प्यायला घरी गेला.

शेवटी सहादूने ठरवलं, जुनी पुट्टी मुळापासून काढायची. गॅसची ज्योत फिरवली, पुट्टीचे पापुद्रे उचकटले. खाली हातोडीच्या खुणा दिसल्या. कारागिराला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. अक्षर यावं तसा. सहादू त्या खुणांकडे बघत राहिला. मग बोनेट उचलून त्याने मडगार्डाच्या आतल्या बाजूने हात घातला, जिथे तो नेहमी पंच लावायचा तिथे, आणि बोट थांबलं.

चंद्रकोर.

त्याने हात बाहेर काढला नाही. तसाच उभा राहिला. कारखान्याचा भोंगा झाला, कामगारांच्या मोटारसायकली गल्लीतून गेल्या, आणि त्याला एक सकाळ आठवू लागली. उस्तादांचं गॅरेज नुकतंच उघडलेलं. एक क्रीम रंगाची फियाट. त्या काळी दर दुसरी फियाट क्रीम रंगाची असे. मालक नव्या धोतरातला, नामपूरकडचा वाटावा असा, खाली न उतरणारा. काय झालं विचारलं तर म्हणाला, "रेडा आडवा आला. संध्याकाळच्या आत पाहिजे. लग्नाला जायचंय." दिव्याच्या कडीत लाल कापडाचा तुकडा अडकला होता. सहादूने तो अलगद सोडवला. गडाची चिंधी, वाऱ्याने सुटून अडकली असेल. त्याने ती कपाळाला लावली आणि मालकासमोर वाकून स्टिअरिंगच्या दांड्याला नीट गाठ मारून बांधली. मालकाने डोळे मिटून घेतले होते. किती भाविक माणूस, असं सहादूला तेव्हा वाटलं होतं.

गाडी गेली. दिवे लागायच्या वेळी गावाहून माणूस आला, धोंडीरामचं सांगायला.

सहादूने काम थांबवलं. हत्यारं पुसून पेटीत ठेवली, गाडीवर ताडपत्री टाकली. पंचाची खूण कानशीने घासून टाकायला दोन हात पुरले असते. कानस हातात घेऊन तो एकदा ताडपत्रीखाली गेलाही, आणि तसाच बाहेर आला. जेवेना. वत्सलाबाईने विचारलं, रागावली, मग नुसती बघत राहिली. चैत्र तोंडावर आला. एका दुपारी तो चिमणाबाईसमोर ओट्यावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, गाडी होणार नाही. भंगारात देतो. दुसरी बघू."

"नको देऊ."

"तिचा पत्रा खराब हाय." वहिनीशी बोलताना त्याची गावची बोली परत यायची.

"मला ठाऊक हाय तिचा पत्रा." चिमणाबाईने नजर गाडीवरून काढली नाही. "आली त्या दिशीच कळलं. ती चिंधी त्यांच्या निशाणाची. कड मी शिवली. लाल दोरा सरला, तर शेवटाला हिरवा घातला. जाऊन बघ."

सहादू उठला नाही.

"तवापासून बघते मी," ती म्हणाली. "तू ठोकून काढतो, ते परत येऊन बसत्यात. कशाला उठवतो त्यांना?" मग तिच्या माहेरच्या अहिराणीत, कुणी निजलेलं उठू नये अशा आवाजात, "त्या आठेच शेतस." ते इथेच आहेत.

"वहिनी."

"या गाडीनं त्यांना अर्ध्या वाटेवर सोडलं. आता हिनंच पोचवायचं. मी संगती बसते. तू खळगा राहू दे, बाकी रंगव."

 तेव्हा तो पत्रा आपणच ठोकला, ती चिंधी आपणच बांधली, ही दोन वाक्यं सांगायची राहिली होती. ती सांगितली असती तर वहिनी या गाडीत बसली असती का, आणि त्याने हाकलेल्या गाडीत बसली असती का, हे त्याला कळेना. आणि तिच्याजवळ वाट बघायला दुसरा चैत्र नव्हता. तो उठला आणि त्याने ताडपत्री काढली.

गाडी क्रीम रंगाची झाली. आरसे लागले, काचा लागल्या, आतल्या गाद्यांना नवं रेक्झिन चढलं. टरफलं झरायची थांबली. खळगा त्याने रंगवला, पण भरला नाही. धम्मपाल म्हणाला, "एवढी नवरी सजवली आणि गालावर खड्डा ठेवला?" सहादू आरसा पुसत राहिला, तेव्हा धम्मपालनेही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून पहाटेचा आवाज बंद झाला. वत्सलाबाई सांगते, तो बंद झाला तेच तिला जास्त लागलं. उजाडताना जाग यायची आणि ती ऐकत पडायची.

जायचा दिवस आला. चिमणाबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं. वत्सलाबाईने डब्यात पुऱ्या भरल्या. धम्मपाल पाणी-तेल बघायला आला आणि त्याने बोनेट उचलून धरलं. चिमणाबाई कुंकवाची कोयरी घेऊन खाली उतरली. सगळे समजले, पूजा करायची आहे. पण ती गाडीच्या तोंडापाशी न थांबता डाव्या बाजूला गेली.

"अक्का, इकडं, मधोमध," वत्सलाबाई म्हणाली.

"मधी कोण बसलंय?" चिमणाबाई म्हणाली. "ज्याचं त्याला लावते."

तिने खळग्यावर बाहेरून कुंकू लावलं. मग म्हातारीचा हात आतल्या अंगाला गेला, पाठीवरून फिरावा तसा फिरला, आणि एका जागी थबकला. बोट पुढे-मागे झालं. पेटीचं झाकण ती रोज उघडत होती. त्या खुणेला तिचं बोट चुकणार नव्हतं.

तिने हात काढून घेतला. बोटावरचं कुंकू पाहिलं. मग सहादूकडे वळली.

"ही तुझी तीट," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आत्ता ठेवली का तवाची?"

धम्मपालने बोनेट धरलेलं होतं, ते सोडावं का धरून ठेवावं हे त्याला सुचेना. वत्सलाबाई डबा छातीशी धरून एकदा नवऱ्याकडे, एकदा जावेकडे बघत होती. सहादूची मान खाली गेली.

"तवाची," चिमणाबाई स्वतःशीच म्हणाली.

 मग ती दार उघडून मागच्या गादीवर बसली, डाव्या बाजूला थोडं सरकून. बाहेर राहिलेला पदर आत ओढून घेतला. म्हणाली, "धम्मपालभाऊ, गाडी तुम्ही हाका. आमच्या घरातलं पायी निघालेलं माणूस अजून गडावर पोचलं नाय."

धम्मपालने बोनेट अलगद खाली घेतलं. सहादूने खिशातून किल्ली काढली आणि मडगार्डावर, खळग्यात ठेवली. ती घरंगळली नाही. त्याने वाकून पायातल्या चपला काढल्या, ओट्याच्या पायरीशी जोडून ठेवल्या. स्टिअरिंगच्या दांड्याची गाठ सोडवायला त्याला वेळ लागला. ती त्यानेच घट्ट मारलेली होती. चिंधी सुटली. तिच्या कडेचा हिरवा दोरा अजून हिरवा होता. ती त्याने डाव्या मनगटाला गुंडाळली, फाटक उघडलं, आणि वणीच्या, गडाच्या दिशेने अनवाणी चालायला लागला.