मिशीला लागणारा वारा

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि आमच्या घरी मी बाहेर भेळ खाऊन आलो तरी ती वासावरून ओळखते. तुम्ही माझे कोण, मी तुमचा कोण? म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. खाई त्याला खवखवे म्हणतात ना — मला तीन वर्षं खवखवतंय.

मी शेवगावात टेलर आहे. बसस्टँडमागच्या गल्लीत दुकान. शाळेचे गणवेश, पँट-शर्ट, लग्नसराईत सफारी. चाळिशी उलटली तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर वाढतेय, सायकल चालवा. चालवली. आणि मग — कसं सांगू — नाद लागला. नुसत्या सायकलीचा नाही. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल हाणायची, आणि उतरलं की पळत सुटायचं. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. आमची ही म्हणते, एका सकाळी तीनदा मरायचा खेळ.

नादाला जोडीदार होता. भाऊसाहेब. माझा शाळासोबती, गावाबाहेर वस्ती, कपाशी-तुरीचं रान. रोज पहाटे आम्ही दोघं तिसगाव रस्त्यानं निघायचो. तो पुढे, मी मागे. दर रविवारी जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात पोहायचो. तिथंही तो पुढे, मी मागे. त्या माणसाची पाठ मला माझ्या दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त पाठ झाली होती. तुम्हीच सांगा, माणसानं एकच पाठ किती वर्षं बघायची?

तर मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर बघितलं, वाचलं. कळलं ते असं, की सायकल जोरात पळायला लागली की खरा वैरी रस्ता नसतो, वारा असतो. तो कापायला लोक बैलजोडीच्या किमतीची चाकं घेतात. आम्हाला कुठलं परवडायला? पण कपडा फडफडला की वारा धरतो, हे टेलरला कुणी शिकवायला हवं का? मी ताणणाऱ्या कापडाचे दोन अंगाबरोबर सूट शिवले — एक मला, एक भाऊसाहेबाला. छातीवरचा नंबर पिना लावून फडफडतो, म्हणून तो टाके घालून बसवला. हेल्मेटची भोकं चिकटपट्टीनं बुजवली. हँडलवर पुढं वाकून कोपरं टेकायला दांड्या बसवून घेतल्या आणि त्यांवर सफारीच्या खांद्यात घालतो ते पॅड चिकटवले. पायांवरचे केसही काढले. ते करताना बाथरूमची कडी लावायची राहिली आणि सासूबाई आल्या होत्या — जाऊ द्या, तो कबुलीजबाब वेगळा.

या सगळ्यानं फरक पडतो बरं का. यात खोटं काही नाही. खोटं पुढं आहे. येतोय मी तिकडेच.

तालुक्यातल्या हौशी मंडळींनी स्पर्धा भरवली. पोहून बाहेर आलो तेव्हा भाऊसाहेब माझ्या बराच पुढे. आणि चाळीस किलोमीटर सायकल संपली तेव्हा मी त्याच्या साडेचार मिनिटं पुढे! पळतानाही तो मला गाठू शकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात हार. फोटो. गल्लीतल्या चहावाल्यानं दिवसभर चहाचे पैसे घेतले नाहीत. मी हवेत होतो हो, अगदी हवेत.

पण भाऊसाहेब शेतकरी माणूस. एका वाफ्यात पीक जोमानं आलं आणि शेजारच्यात नाही, तर कारण सापडल्याशिवाय घरी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही सायकली दुकानासमोर शेजारी लावल्या. टायर तेच. हवा तेवढीच. सूट एकाच कापडाचे. पट्टी एकाच गुंडाळीतली. पॅड एकाच सफारीचे. कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, "मंग फरक कशाचा हाय रं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. पण कालचा हार अजून खुंटीवर होता, पुरता सुकलासुद्धा नव्हता. मी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं — खरंच, आम्हा दोघांत दिसायला फरक काय होता? — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी मिशी."

माझी मिशी म्हणजे खडकाळ रानातली बाजरी, एक ताट इथं, एक तिथं, म्हणून मी ती कधी राखलीच नाही. वडीलही मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. भाऊसाहेबाची मात्र चांगली भरघोस. आणि त्याचे वडील, अण्णा, ठणठणीत हयात! आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर आत्ताच कपाळाला हात लावला असेल. नसाल तर सांगतो — आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर, दहाव्याला. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे त्याला जिवंतपणी पोचवणं. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. मला वाटलं, भाऊसाहेब हसेल, एक शिवी हासडेल, विषय संपेल.

तो हसला नाही. मिशीवरून हात फिरवत घरी गेला. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बिनमिशीचा आला.

त्याच दिवशी कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. दुपारच्या एसटीनं तिसगावहून त्याची आत्या आली. फाट्यावर उतरली तीच हंबरडा फोडत. मी तेव्हा नेमका वस्तीवर होतो. "दादा रं माज्या, मला न भेटताच कसा गेलास रं!" अशी छाती बडवत ती अंगणात शिरली, तर दादा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, हातातली शेंग खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, "शांते, आदी पानी पी. कोन गेलं?"

मी गोठ्यामागे जाऊन हसलो. पोट धरून हसलो, हेही कबूल करतो. पण आत्यानं कारण सांगितलं आणि अण्णांचा चेहरा उतरला. भाऊसाहेब पहाटे घरातून निघायचा आणि थेट रानात जायचा, त्यामुळे अण्णांनी पोराकडे नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी भाऊसाहेबाशी बोलणं टाकलं. पाणी कुठल्या सरीला सोडायचं, तेसुद्धा सुनेमार्फत विचारायचे. एकाच ताटलीतल्या शेंगा खाणारे बापलेक, पण शब्द नाही.

मिशी परत वाढली असती, मिटलं असतं. पण नशीब बघा! पुढच्या सरावात भाऊसाहेब नेहमीपेक्षा दीड मिनिट आधी पोचला. कशामुळे? मनामुळे, दुसरं काय! त्याला वाटलं वारा कमी लागतोय, म्हणून त्यानं जास्त रेटलं. आणि ठरवून टाकलं, आता मिशी नाही.

आता सांगतोच. साडेचार मिनिटं कुठून आली ते.

परतीच्या वाटेवर, समोरून वारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मागून मंडपवाल्याचा टेम्पो आला. वर कनाती, गाद्या, खुर्च्या, घराएवढा ढीग. तो पुढं गेला आणि — एकदम शांत. वाराच नाही! मी त्याच्या मागे चिकटलो. दुसऱ्याच्या आडोशानं सायकल चालवायची नाही, हा या खेळातला पहिला नियम. गाडीच्या आडोशानं तर नाहीच नाही. तरी माझा मीच मनाशी म्हणत होतो, एवढं टेकाड चढेपर्यंत. टेकाड संपलं, मी टेम्पो सोडला नाही. वळण आलं, सोडला नाही. पुढे एका ठिकाणी भाऊसाहेब वाऱ्याशी झुंजत, मान खाली घालून चालला होता. टेम्पोनं त्याला ओलांडलं, आणि टेम्पोबरोबर मीही. त्यानं मान वर केली नाही. आठ किलोमीटर. गाव जवळ आल्यावर सोडला. वारा मी कापलाच नव्हता. गाद्यांनी कापला होता.

हे सगळं तेव्हाच कुणाला सांगितलं असतं, तर एक हार गेला असता. फार तर चार दिवस गल्लीत चेष्टा झाली असती.

मग एक दिवस अण्णा दुकानात आले. ऐंशीला टेकलेले, धोतर, टोपी, आणि ती मिशी — पांढरीशुभ्र, पिळदार. स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याला एकदा उतरवली, त्यानंतर कधी नाही. रोज खोबरेल लावून पीळ द्यायचे. ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुजं माप कदी चुकलं न्हाई. म्हनून तुला इच्यारतो. मिशीनं खरंच सायकल आडती का?"

टेप माझ्या गळ्यात होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी संधी माणसाला मिळते का? मी म्हणालो, "व्हय अण्णा. आडती."

मिशीचं ते आधी चुकून तोंडातून निघालं होतं. हे चुकून नव्हतं.

अण्णा उठले, रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेले. न्हाव्यानं तीनदा विचारलं, अण्णा, नक्की? मी इथून काचेतून बघत होतो. बाहेर आले तेव्हा मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. वरचा ओठ किती बारीक होता त्यांचा! तसेच वस्तीवर गेले आणि इतक्या महिन्यांनी पोराशी बोलले, "आता बापानंच काढलीय. कुनाला काय म्हनायचं आसल तर मला येऊन म्हना म्हनावं. तू पळीव तुजी सायकल." हे मला भाऊसाहेबानं सांगितलं, रडत. तिसगावहून आत्याचा फोन आला होता म्हणे — आता कोण गेलं?

तेव्हापासून दोघंही बिनमिशीचे. भाऊसाहेब खूश आहे. मला मिठी मारून म्हणाला, तुझ्यामुळं बाप कळला. बापलेक बोलायला लागले, मग बरंच झालं की, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही. माझं मलाच पटत नाही, तुम्हाला काय पटवू?

अण्णा अजून बाजारच्या दिवशी दुकानात येतात. बाकावर बसतात. बोलता बोलता त्यांची बोटं ओठाशी जातात, पीळ द्यायला. तिथं काही नसतं. बोटं थोडा वेळ तिथंच राहतात आणि मग खाली येतात.

मी समोरच असतो. मी म्हणतो, "अण्णा, चहा सांगू का?"