हेडचे बोल्ट आवळायला एक सकाळ हवी होती

बेळगावहून गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोवाल्या भावांनो, गाडी एक दिवस उभी राहिली की व्यापारी दुसरी गाडी बघतो, ही भीती तुम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसली आहे. आज तिनं काय केलं ते मी बघितलं.

माझा चुलतभाऊ मारुती यानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात टेम्पोचं इंजिन नव्यानं बांधून घेतलं. काल चाचणीची फेरी झाल्यावर मिस्त्रीनं बजावलं, "रातभर गार होऊ दे. सकाळी हेडचे बोल्ट परत आवळतो, मगच माल भर." इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं नवं गॅस्केट दबलं की बोल्ट सैल पडतात, हे मारुतीलाही ठाऊक होतं.

तरी पहाटे त्यानं ढबू मिरची भरली. गोव्याला मलाही जायचं होतं. शेजारी बसताना मी म्हणालो, "आधी मिस्त्रीकडं चल रं."

"अण्णा, व्यापारी काय माझा पावणा हाय व्हय, वाट बघायला? पूजा केलीया, लिंबू बांधलाय. काय हुत न्हाय."

कणकुंबीच्या अलीकडं चढावर वाफ उसळली. गॅस्केट गेलं. मारुतीनं फोन लावला, तर व्यापारी म्हणाला, "उद्यापासून दुसरी गाडी सांगतो."

जे काम टिकवायला तो धावला, तेच गेलं. चाकाला टेकून तो नुसता बसून राहिला. मला त्याच्यावर रागावताही येईना.

भावांनो, एकट्यानं थांबणाऱ्याला हा बाजार फेकून देतो. म्हणून ज्याची गाडी बोल्ट आवळायला उभी आहे, त्याचा त्या दिवसाचा माल तुमच्या गाडीत घ्या आणि त्याच्याच नावानं पोचवा.